आर्मेनियाच्या जुन्या चर्चेसची टूर: आईचा इतिहास, बाबांचं गणित

शारजा-दुबईत राहणाऱ्यांची सुट्टीची ठिकाणं ठरलेली असतात, जॉर्जिया, अझरबैजान, आर्मेनिया, तीनेक तासांची फ्लाइट, खिशाला परवडतं आणि थंडी मिळते. आमचे अर्धे ओळखीचे येरेवानला, म्हणजे आर्मेनियाच्या राजधानीला, जाऊन आलेत पण त्यांच्या फोटोंत सेवान लेक, रोपवे आणि गुलाबी दगडाच्या बिल्डिंगा एवढंच असतं. आम्हाला चर्चेस बघायची होती. आम्हाला म्हणजे खरं तर आईला. ती नाशिकला शाळेत इतिहास शिकवायची, आणि ख्रिश्चन धर्म राजधर्म म्हणून स्वीकारणारा जगातला पहिला देश आर्मेनिया, इ.स. ३०१, हे तिच्या डोक्यात इतकी वर्षं बसलेलं की आमच्याकडे राहायला आल्या आल्या विचारलं, इथून जवळ आहे ना गं ते?

बाबांना चर्च-बिर्च काही नाही. ते ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात नोकरीला होते, सगळी हयात मिग विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये गेली. त्यांना मी एवढंच सांगितलं की टूरमध्ये सानाहिन नावाचं गाव आहे आणि मिगमधला 'मि' ज्या माणसाचा तो तिथे जन्मला. बाबा लगेच तयार.

येरेवानात हॉटेल घ्यायचं आणि रोज सकाळी मिनीबसने एकेका दिशेला जाऊन रात्री परत यायचं, अशी टूर होती. टॅक्सी करूनही फिरता येतं, स्वस्त पडतं, पण माझं मत विचाराल तर निदान पहिल्या दोन दिवसांना तरी गाइड घ्या. कारण आर्मेनियन चर्च बाहेरून बघितलं तर एक दगडी ठोकळा, त्यावर गोल मान आणि वर टोकदार टोपी. दुसरं चर्च, तेच. तिसरं चर्च, तेच. आत ना मूर्ती ना बाक, भिंती उघड्या, काळपट, चित्रं फारच थोडी. बसमधला एकजण दुपारच्या आतच म्हणाला की सगळी सेम आहेत यार, आणि त्याला मी दोष देणार नाही.

आमची गाइड पन्नाशीतली, येरेवानचीच, सिगारेट सोडायचा प्रयत्न करत असलेली आणि बोलायला फटकळ. तिने सांगितलं की आत गेल्यावर सरळ समोर अल्टारकडे, म्हणजे पूजेच्या वेदीकडे, बघू नका, ते शेवटी. आधी पायाखाली बघा, मग वर छताला बघा, मग भिंती. त्या क्रमाने बघायला लागल्यावर माझ्या तरी डोक्यात प्रकाश पडायला लागला.

पहिला दिवस रविवार होता. सगळे एचमियाझिनला जायच्या घाईत पण तिने बस आधी सेंट ह्रिप्सिमेला थांबवली आणि ते फार बरं केलं. हे चर्च ६१८ चं आहे आणि जवळपास जसंच्या तसं उभं आहे, घंटेचा मनोरा तेवढा १७९० मधला. बाहेरून चौकोनी, भिंतींमध्ये उभ्या खोल त्रिकोणी खाचा. आत पाऊल टाकलं की कळतं की आतला आकार क्रॉसचा आहे, चार बाजूंना चार अर्धगोल, चार कोपऱ्यांत चार छोट्या खोल्या, आणि हे सगळं मिळून तो मधला घुमट उचलून धरतात, मध्ये एकही खांब नाही. बाहेरच्या त्या खाचा म्हणजे आतल्या दोन गोलाईंच्या मधला जास्तीचा दगड काढून टाकलेली जागा. बाबा इथे पहिल्यांदा थांबले. भिंतीवर हात फिरवून गाइडला विचारलं की एवढा भूकंपाचा देश, चौदाशे वर्षं हे टिकलं कसं?

तर या भिंती अख्ख्या दगडाच्या नाहीतच. बाहेरून आणि आतून तुफ नावाच्या ज्वालामुखीच्या दगडाच्या पातळ फरश्या, हा दगड हलका, कापायला सोपा, गुलाबीपासून काळ्यापर्यंत सगळ्या रंगांत मिळतो, आणि दोन्हीच्या मध्ये चुन्याचा माल आणि दगडगोटे ओतून भरलेले. म्हणजे एक प्रकारचं काँक्रीटच, फरशा हे त्याचं शटरिंग जे काढायचंच नाही. बाबांनी मान डोलावली. मग परत सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

आईला गोष्टीत इंटरेस्ट. ह्रिप्सिमे ही रोमहून पळून आलेली जोगीण, सम्राट डायोक्लेशनला तिच्याशी लग्न करायचं होतं म्हणून सोबतिणींसह पळाली ती आर्मेनियाला पोचली, इथला राजा त्रदात तिसरा तोही तिच्या मागे लागला, तिने नाकारलं, त्याने सगळ्याजणींना मारलं. मग राजाला वेड लागलं, रानडुकरासारखा वागायला लागला अशी कथा आहे, आणि त्याच्या बहिणीला स्वप्न पडलं की ख्रिश्चन धर्म सांगणाऱ्या ज्या ग्रेगरीला तू खड्ड्यात टाकलायस तोच बरा करेल. तेरा वर्षं तो त्या खड्ड्यात. बाहेर काढला, राजा बरा झाला, आणि राजासकट देश ख्रिश्चन झाला. अल्टारच्या खाली उतरून गेलं की तळघरात ह्रिप्सिमेची कबर आहे. आई म्हणाली की धर्म राजाने बदलला हे पुस्तकात एका ओळीत येतं, त्यामागे एवढ्या बायका मेल्या हे येत नाही.

मग एचमियाझिन कॅथेड्रल. आर्मेनियन चर्चचं मुख्य पीठ, त्यांचे सर्वोच्च धर्मगुरू कॅथॉलिकोस इथेच असतात. पहिली इमारत ३०१ ते ३०३ मधली मानतात, आताच्या इमारतीचा मूळ आराखडा ४८३ च्या बांधकामाचा. २०१८ पासून दुरुस्तीसाठी आतून बंद होतं ते सप्टेंबर २०२४ मध्ये उघडलं. आम्ही गेलो तेव्हा बादाराक चालू होतं म्हणजे रविवारची मोठी पूजा. इथे मात्र भिंती आणि छत रंगवलेले, हॉवनातान घराण्यातल्या चित्रकारांनी अठराव्या शतकात केलेलं काम, निळं-लाल-सोनेरी, नुकतंच साफ केल्यामुळे लखलखीत. लोक सगळे उभे. येतात, पिवळी बारीक मेणबत्ती वाळूच्या ट्रेमध्ये खोचतात, थोडा वेळ थांबतात, जातात, आणि जाताना अल्टारला पाठ न दाखवता उलटे चालत दारापर्यंत. अल्टार एका उंच स्टेजवर आणि त्याला पडदा. पूजेच्या मध्येच पडदा ओढतात आणि आत काय चाललंय ते दिसत नाही, फक्त कॉयर ऐकू येतं. काय गातात ती माणसं! माझ्या नवऱ्याला चर्चच्या गाण्यात काडीची आवड नाही, तो पडदा परत उघडेपर्यंत हललाच नाही.

आमच्या बसमध्ये कोट्टायमचं एक कुटुंब होतं, अबुधाबीला राहणारं, केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चचं. त्यांच्यासाठी ही टूर नव्हती, यात्रा होती. अंकलनी आईला समजावलं की ४५१ मध्ये काल्सिडॉनला मोठी धर्मसभा झाली, येशूचं मानवी आणि दैवी रूप यांचं नातं नेमकं काय यावरून, आणि तिचा निर्णय ज्यांनी मानला नाही त्या चर्चेसमध्ये आर्मेनियनही आले आणि केरळचे आम्हीही आलो, त्यामुळे आम्ही एकमेकांचे. पूजा त्यांच्या ओळखीची होती पण हुबेहूब तशीच नाही, त्यांच्याकडे भाकर आंबवलेल्या पिठाची, इथे बिनआंबवलेली, आणि इथे वाइनमध्ये पाणी मिसळत नाहीत. आई आणि कोट्टायमच्या आंटी त्यानंतर शेवटपर्यंत बसमध्ये शेजारी बसल्या. एकीला मल्याळम येत नाही, दुसरीला मराठी नाही, हिंदी दोघींची यथातथा, तरी गप्पा संपेनात.

तिथल्या म्युझियममध्ये येशूच्या कुशीत खुपसलेल्या भाल्याचं टोक म्हणून एक वस्तू आहे आणि नोहाच्या नौकेचं लाकूड म्हणूनही एक तुकडा आहे. बाबांनी लाकडाच्या कपाटाजवळ जाऊन चष्मा वर करून बघितलं आणि काही न बोलता पुढे गेले. मला जास्त आवडलेली माहिती वेगळीच, एचमियाझिनला १७७१ मध्ये जो छापखाना निघाला त्याचा पैसा मद्रासच्या एका आर्मेनियन व्यापाऱ्याने दिला होता. जगातलं पहिलं आर्मेनियन भाषेतलं नियतकालिकही मद्रासलाच निघालं, १७९४ मध्ये. आणि मुंबईत फोर्टमध्ये सेंट पीटर्स हे आर्मेनियन चर्च आहे, १७९६ चं. मी फोर्टात नोकरी केलेली आहे. त्या गल्लीतून रोज जायचे, कधी मान वर केली नव्हती.

झ्वार्तनोत्स थोडक्यात. सातव्या शतकात बांधलेलं गोल, तीन मजली कॅथेड्रल, दहाव्या शतकात कोसळलं, आता अर्धवट उभे केलेले खांब आणि गरुड कोरलेलं एक सुंदर खांबशीर्ष. विमानतळाला याचंच नाव आहे. उन्हात तासभर काढावा इतकं नाही, अर्ध्या तासात होतं.

त्या रात्री हॉटेलवर बाबांनी गाइडला मेसेज करून आर्मेनियन मुळाक्षरांचा तक्ता मागवला. झालं असं की ह्रिप्सिमेच्या बाहेर तिने सहज सांगितलेलं की जुन्या शिलालेखांत आकडे नसतात, अक्षरंच आकडे असतात. मेस्रोप माश्तोत्सने ४०५ मध्ये ही लिपी तयार केली, ३६ अक्षरं. पहिली नऊ म्हणजे एक ते नऊ, पुढची नऊ दहा ते नव्वद, मग शंभर ते नऊशे, शेवटची नऊ म्हणजे एक हजार ते नऊ हजार. आणि त्यांचा शक इ.स. ५५२ पासून सुरू होतो म्हणून जे साल येईल त्यात ५५१ मिळवायचे. एवढं ऐकलं आणि बाबांचा चेहराच बदलला. देवाधर्मातलं नाही पण गणित आहे ना! दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढले ते खिशात डायरी घेऊनच.

खोर विराप म्हणजे तो ग्रेगरीचा खड्डा. वर जे चर्च दिसतं ते सतराव्या शतकातलं, खड्डा बाजूच्या लहान चॅपेलमध्ये, अल्टारच्या उजव्या हाताला जमिनीत एक भोक आणि त्यातून उभी लोखंडी शिडी. साधारण सहा मीटर खाली. आईबाबा वर थांबले, मी आणि नवरा उतरलो, भोक इतकं अरुंद की खांदे घासतात आणि वरून पुढचा माणूस उतरायला लागला की त्याचे बूट तुमच्या डोक्याशी. खाली एक गोल खोली, दमट, श्वास कोंडणारी, दहा-बारा लोक आले की उभं राहवत नाही. एक बाई रोज वरून भाकर टाकायची म्हणून तो जगला असं सांगतात. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती असेल तर अजिबात उतरू नका, वरून वाकून बघा.

बाहेर आलं की समोर अरारात, ५१३७ मीटर, बर्फाने झाकलेला, आणि तो आहे तुर्कस्तानात. मधली सीमा १९९३ पासून बंद. कुंपण दिसतं, टेहळणीचे मनोरे दिसतात. ज्या डोंगराचं चित्र यांच्या राजमुद्रेवर आहे तिथे यांना जायचं तर जॉर्जियावरून वळसा घालून. गाइड हे सांगताना एरवीसारखं फटकळ बोलली नाही. पायथ्याशी पोरं कबुतरं विकतात, पैसे द्यायचे, मनात इच्छा धरायची आणि अरारातच्या दिशेने सोडायचं, ते कबूतर वळसा मारून पुन्हा त्या पोराकडेच येतं. धंदा चोख आहे.

पुढे नोरावांक, लालभडक कड्यांच्या घळीत. इथे मोमिक नावाच्या शिल्पकाराचं काम आहे आणि १३३९ मध्ये पूर्ण झालेलं दोन मजली चर्च, खाली कबरी, वर प्रार्थनेची जागा, आणि वर जायला दर्शनी भिंतीतूनच बाहेर काढलेल्या दगडी पट्ट्यांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी निमुळत्या होत दाराशी मिळणाऱ्या. कठडा नाही. चढताना भिंतीला चिकटून चढायचं आणि उतरताना उलटं उतरायचं. शेजारच्या चर्चच्या दर्शनी भिंतीत, दारावरच्या खिडकीच्या वर देवपित्याची मूर्ती कोरलेली आहे, दाढीवाला, बदामी डोळ्यांचा, जवळजवळ मंगोल चेहऱ्याचा. ते दिवस मंगोल राजवटीचेच होते आणि घुमट-बिमट बांधून घेणारे इथले सरदार मंगोलांशी जुळवून घेऊनच टिकले होते, तर तो चेहरा तसा का हे कोडं राहत नाही, असं माझं मत, गाइडला ते फारसं पटलं नाही. परतीच्या रस्त्यावर आरेनीला घरची वाइन कोकाकोलाच्या बाटल्यांत भरून विकायला ठेवलेली असते. घेतली. गोड होती.

आता लोरी, उत्तरेचा भाग, हाघपात आणि सानाहिन. माझ्या मते अख्ख्या टूरचा हा सगळ्यात चांगला दिवस, आणि लोक नेमका हाच गाळतात कारण प्रवास लांब आहे. देबेद नदीची खोल घळ, घळीच्या तळाशी अलावेर्दीचा बंद पडलेला तांब्याचा कारखाना, आणि वर पठारांवर हे दोन मठ, दोन्ही दहाव्या शतकात राणी खोस्रोवानुशच्या वेळी मोठे झालेले, दोन्हीच्या मागच्या भिंतीवर तिची दोन मुलं स्म्बात आणि गुर्गेन हातात चर्चचं छोटं मॉडेल धरून उभी कोरलेली.

इथे 'आधी पायाखाली बघा' याचा अर्थ कळला. मुख्य चर्चच्या पुढे गावित नावाचा मोठा मंडप असतो, त्यात सभा व्हायच्या, शिकवणं चालायचं, आणि फरशी म्हणजे सगळ्या कबरी. काहींवर माणसाची जेमतेम रेघांनी काढलेली आकृती. आई दारातच थांबली, पाय कुठे ठेवू म्हणून. गाइड म्हणाली की तुडवाच, त्यांची तीच इच्छा होती, सरदार असलो तरी लोकांच्या पायाखाली राहू अशी. आई तरी कडेकडेनेच चालली. वर बघितलं तर छताला मधोमध मोकळं भोक, तिथूनच उजेड येतो, पाऊसही येतो. हाघपातच्या गावितात जाडजूड कमानी एकमेकींना छेदून ते छत धरतात, मध्ये आधार नाही, आणि बाबा त्या खाली मान वर करून इतका वेळ उभे होते की मागून येणारा रशियन ग्रुप त्यांना वळसा घालून गेला.

भिंतींवर लेख कोरलेले, वर हात पोचेल तिथपर्यंत आणि त्याच्याही वर. मला वाटलेलं प्रार्थना असतील. तर त्या बऱ्याचशा पावत्या आहेत! अमक्याने मठाला द्राक्षाचा मळा दिला, तमक्याने गिरणी दिली, त्याबदल्यात वर्षातून इतक्या वेळा त्याच्या नावाने पूजा व्हावी. आणि खाली शाप, हे दान जो मोडेल त्याला ३१८ धर्मपित्यांचा शाप लागो. हे ३१८ म्हणजे ३२५ साली निकायाच्या धर्मसभेला जमलेले. आई एकदम उत्साहात आली, म्हणाली हे तर आपल्याकडचे गद्धेगाळ झाले, शिलाहारांच्या आणि यादवांच्या दानाच्या दगडांवर खाली अशीच शिवी कोरलेली असते, फक्त आपली जरा जास्त चावट. गाइडला ते भाषांतर करून सांगायचं काम माझ्यावर आलं, आणि आईसमोर गाढवाचं ते चित्र काय असतं हे इंग्लिशमध्ये समजावणं सोपं नाही. गाइड इतकी हसली की खोकला लागला तिला.

बाबांची डायरी इथे भरली. एक शिलालेख शोधायचा, सालाची अक्षरं कुठली ते गाइडला विचारायचं, मग स्वतः बेरीज करून तिला उत्तर सांगायचं. आधी दोन-तीनदा तिने मदत केली, मग नुसतं 'हो, पापा जान' म्हणायला लागली, मग शेवटी बाबाच बाकीच्यांना शिकवायला लागले आणि बसमधला तो 'सगळी सेम आहेत' म्हणणारा त्यांच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरून फिरत होता. हाघपातला आमेनापर्किच नावाचा खाचकार आहे, म्हणजे क्रॉस कोरलेली उभी शिळा, १२७३ ची. बाबांनी वहीत लिहिलं, ७२२ अधिक ५५१. खाचकारावर सहसा नुसता क्रॉस असतो, त्याला पानं फुटलेली आणि भोवती जाळीसारखी नक्षी, पण या शिळेवर क्रॉसवरचा येशू आणि आजूबाजूची माणसंही कोरलेली आहेत, ते दुर्मिळ. लालसर रंग अजून राहिलाय. हाघपातच्या ग्रंथालयात जमिनीत पुरलेले मोठाले रांजण आहेत. सानाहिनला दोन चर्चेसच्या मध्ये एक बोळ आहे, दोन्ही बाजूंना दगडी कट्टे, तिथे अकराव्या शतकात ग्रिगोर माजिस्त्रोस शिकवायचा असं सांगतात, विद्यार्थी कट्ट्यावर आणि गुरुजी मधून येरझाऱ्या घालत. आई एका कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, हवा खेळती आहे, वर्ग चांगला आहे.

आणि मग खाली गावात मिकोयान बंधूंचं म्युझियम. आर्त्योम मिकोयान, १९०५ चा जन्म, गुरेविचबरोबर मिग विमानांचा डिझाइनर, आणि मोठा भाऊ अनास्तास, सोव्हिएत राजकारणात लेनिनपासून ब्रेझनेव्हपर्यंत सगळ्यांच्या काळात टिकून राहिलेला. बाहेर मिग-२१ उभं. बाबा बाकीच्यांच्या पुढे. ते विमान पोटाखालून बघायला लागले, एकेका झाकणाला हात लावून आत काय असतं ते जावयाला सांगत, आणि तिथली सांभाळणारी बाई आधी ओरडायला आली, मग गाइडने तिला काहीतरी सांगितलं तेव्हा तिने आतून कॉफी आणली. नाशिकला मिग-२१ बनायची, १९६४ पासून तिथे कारखाना, आमच्या गावाला अजून लोक ओझर मिग म्हणतात, हे त्या बाईला माहीत असायचं कारणच नाही. तिने बाबांबरोबर फोटो काढून घेतला. एका चर्चच्या गावात आमचा सगळ्यात जास्त वेळ या विमानाखाली गेला, टाइमटेबल बोंबललं, कोणी तक्रार केली नाही.

सेवान लेक सुंदर आहे पण चर्चसाठी म्हणाल तर सेवानावांक, ८७४ चं, छोटंसं, गर्दी भयंकर आणि पायऱ्या भरपूर. ते पूर्वी बेटावर होतं, सोव्हिएत काळात वीज आणि शेतीसाठी पाणी इतकं उपसलं की पातळी जवळपास २० मीटर उतरली आणि बेट जमिनीला जोडलं गेलं. त्यापेक्षा पुढे नोरातुसला जा, तिथल्या दफनभूमीत आठशेच्या वर खाचकार उघड्या माळावर उभे आहेत, एकासारखा दुसरा नाही, आणि म्हाताऱ्या बायका कबरींमध्ये बसून लोकरीचे मोजे विणून विकतात. आम्ही मोजे घेतले, घासाघीस आईने केली, हातवाऱ्यांनी, आणि जिंकली नाही.

गेघार्द शेवटी ठेवलेलं. वाटेत गार्नी लागतं, ते चर्च नाही, ग्रीक पद्धतीचं जुनं देऊळ, १६७९ च्या भूकंपात पडलेलं आणि १९७५ पर्यंत परत उभारलेलं. गेघार्दला घळीच्या शेवटी डोंगर आडवा येतो आणि मठ अर्धा बांधलेला, अर्धा त्या डोंगरात कोरलेला. बांधलेलं मुख्य चर्च १२१५ चं. त्याच्या गावितातून डावीकडच्या दारातून आत गेलं की अख्खा दगड पोखरून काढलेलं चर्च, कोपऱ्यात खडकातून झरा वाहतोय, लोक ते पाणी तोंडावर मारतायत, बाटल्यांत भरतायत. हा झरा ख्रिश्चन धर्माच्या आधीपासून पूज्य होता म्हणतात. बाजूला प्रोशियान सरदारांची थडगी, वर भिंतीत कोरलेलं, बैलाच्या तोंडात साखळी आणि तिला बांधलेले दोन सिंह, खाली पायात कोकरू धरलेला गरुड.

आम्ही नाशिकचे, वेरूळ-पांडवलेणी बघत मोठे झालेलो, त्यामुळे दगडात कोरलं याचं आपल्याला काय अप्रूप असं मला वाटलेलं. पण इथे कारागीर वरून आत शिरले. आधी डोंगरात घुमटाच्या टोकाचं भोक पाडलं आणि तिथून खाली खाली कोरत घुमट, मग कमानी, मग खांब, मग फरशी, आणि सगळा दगड त्या भोकातून वर. कैलास लेणंही वरून खालीच कोरलंय पण ते उघड्यावर, बाहेरून बघता येत होतं चुकतंय का ते. इथे बंद डोंगराच्या आत, अंधारात, आणि शेवटी सगळं बांधलेल्या चर्चसारखं मोजून नीट. बाबा म्हणाले की ड्रॉइंगशिवाय होणं शक्य नाही, गाइड म्हणाली की ड्रॉइंग सापडलेलं नाही, आणि दोघंही आपापल्या मतावर राहिले.

बाहेरच्या जिन्याने वर जाऊन एका अरुंद बोगद्यातून वरच्या मजल्यावर जाता येतं, १२८८ चं दालन, चार जाड खांब, तेही सगळे त्याच खडकातून सोडलेले, आणि फरशीत एक भोक ज्यातून खालची थडगी दिसतात. इथे आवाज घुमतो तो वेगळाच. एक गाणारा ग्रुप उभा होता, त्यांनी एक जुनं स्तोत्र म्हटलं, आणि शेवटचा सूर थांबल्यावरही तो खोलीत फिरत राहिला. मग कोट्टायमच्या अंकलनी गाइडला विचारून त्यांचं सुरियानी भाषेतलं एक गाणं म्हटलं, आवाज काही खास नाही त्यांचा, पण त्या खोलीने तो सांभाळून घेतला. त्या ग्रुपमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. अंकल लाजले.

खाली नदीकाठी धूर दिसत होता. तिथे मताघ चालू होतं. नवस फेडायला बकरं किंवा कोंबडा आणायचा, पाद्रीने मंत्रून दिलेलं मीठ त्याला चाटवायचं, मग कापायचा, आणि मांस नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजवायचं, दुसरा मसाला नाही. विकायचं नाही, ठेवायचं नाही, सात घरांत वाटायचं. ख्रिश्चन झाले तरी हे सुटलं नाही, चर्चने मीठ मंत्रून आपलंसं करून घेतलं. आपल्याकडे खंडोबाला बकरं पडतं तेव्हा जी गडबड असते, पातेली, पोरं, एक चिडलेली मावशी आणि काहीच काम न करणारे दोन काका, सगळं तसंच. आम्ही बघतोय म्हटल्यावर त्यांनी बोलावलंच. मुलगा आजारातून बरा झाला होता त्यांचा. आई काही खाणार नव्हती, तिला लवाश म्हणजे इथली पातळ भाकरी आणि चीज दिलं, बाबांनी लवाशमध्ये मटण गुंडाळून खाल्लं, परत घेतलं, आणि पैसे काढायला गेले तर त्या काकांनी हात धरून खिशात घातला.

जाणार असाल तर काही गोष्टी. बायकांनी एक ओढणी पर्समध्ये ठेवाच, सगळीकडे सक्ती नाही पण एचमियाझिनला बरं दिसतं. टॉर्च न्या, गावितांमध्ये अंधार असतो आणि शिलालेख बाजूने उजेड मारला की जास्त नीट दिसतात. चपलांपेक्षा शूज, दगड घासून गुळगुळीत झालेत. एका दिवसात तीनच्या वर चर्चेस दाखवणारी टूर घेऊ नका. शाकाहारींचे हाल होत नाहीत, भाज्या भरलेली भाकरी आणि दह्या-गव्हाचं सूप सगळीकडे मिळतं, गेघार्दच्या बाहेर बायका 'गाता' नावाच्या ताटाएवढ्या गोड भाकऱ्या विकतात त्या गरम असतानाच घ्या. तातेव आम्ही सोडलं, मठ नवव्या शतकातला आणि तिथे जायला ५.७ किलोमीटरचा रोपवे आहे, पण येरेवानहून एका दिवसात जाऊन येणं आईबाबांच्या कंबरेला झेपलं नसतं, त्याच भागात रात्री मुक्काम करायला हवा. थंडीत तिकडचे रस्ते बर्फाने बंद होऊ शकतात, म्हणून मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा.